चौदा मतांचा उतार

मी, अल्मा रुडविक, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार फेरी रोड, गाव स्टिलमन, लार्च काउंटी, मोंटाना, हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येते. पण डोके ठिकाणावर आहे. गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला लावले, तर मी त्यांच्या आधी खाली पोचले. मला कोणी भरीला घातलेले नाही. उलट एकीने हे लिहू नकोस म्हणून गळ घातली होती; तिच्याविषयी पुढे येईलच.

कलम १. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः १९९० साली माझे पती ओरिन आणि मी मिळून केलेले. त्यात सगळी जमीन आमचा मुलगा निल्स याच्या नावे लिहिली होती. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता, आणि आपल्यामागे तो असेल यात आम्हांला शंका नव्हती.

कलम २. राहते घर, त्यामागची कोठी आणि घराभोवतीची आठ एकर जागा माझी मुलगी मार्नी हिला मिळावी. विहिरीच्या पंपाला हिवाळ्यात घोंगडी गुंडाळावी लागते. भाडेकरू ठेवलास तर हे त्याला सांग.

कलम ३. कुंपणाची तार ताणायचे यंत्र ओरिनचा भाऊ क्लाइड याने १९७९ साली दोन दिवसांसाठी म्हणून नेले. ते मी क्लाइडला देते. म्हणजे आता तरी तो ते ताठ मानेने वापरू शकेल.

कलम ४. उरलेली सर्व जमीन, एकूण चौऱ्याण्णव एकर, मी काउंटीला देते. सर्वांसाठी मोकळी जागा म्हणून ती कायम राहावी. तिच्यावर घर, दुकान वा रस्ता होऊ नये. ही जमीन नदीकाठच्या पार्कच्या उताराला वरून लागून आहे.

वकील म्हणाले, इथे थांबा, कारण देण्याची गरज नाही. कायद्याला नसेल, मला आहे.

१९९२ च्या मार्चमध्ये माझी आई वारली. आमच्या फाटकापाशी तिने लावलेली पिवळी फुले होती. एका फुलात दोन पिवळे रंग, एक फिका, एक गडद. आम्ही त्यांना लोणी-अंडी म्हणत असू. जूनमध्ये काउंटीचे तण-अधिकारी वेंडेल काइझर फाटकात येऊन उभे राहिले. उंच, हडकुळा, एकटा राहणारा माणूस. टोपी काढून म्हणाले,

"मिसेस रुडविक, फुलं सुंदर आहेत, मला मान्य आहे. पण हे उपद्रवी तणांच्या यादीतलं तण आहे. वाऱ्यानं बी खालच्या उतारावर जातंय. उपटावं लागेल."

"माझ्या आईनं लावलंय ते."

"कुणी लावलं ते तण विचारत नाही हो."

"तिला जाऊन तीन महिने झालेत. हा एक हंगाम राहू द्या. पुढच्या वर्षी मी स्वतः खणून काढीन."

"बी याच हंगामात पडणार," ते म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

दोन आठवड्यांनी नोटीस आली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही चर्चमधून परतलो तर फाटकापाशी नुसती उकरलेली माती होती. त्यांनी हातभर खोल खणले होते आणि माती नीट सपाट करून ठेवली होती. तो सपाटपणाच मला जास्त झोंबला.

वेंडेलचे म्हणणे बरोबर होते. आज मला त्या तणाची मुळे त्यांच्याइतकीच ठाऊक आहेत. तरी माझ्या पाठीमागे येऊन खणणे बरोबर नव्हते. ते मी माफ केलेले नाही.

त्याच नोव्हेंबरात काउंटीत मतदान होते. पार्क, मोकळ्या जागा आणि तणनियंत्रण यांसाठी मालमत्ता करात असलेली थोडी वाढ पुढे चालू ठेवावी की नाही. घरामागे वर्षाला अठरा डॉलर. लोक तिला तणपट्टी म्हणत. त्या पट्टीतून वेंडेलचा पगार निघत असे, पार्कमधल्या दोन गडीमाणसांचा निघत असे. त्या दोघांपैकी एक माझा निल्स होता. उतारावरचे गवत तो ट्रॅक्टरने कापायचा. आमच्याकडे एक फसवे गवत आहे. वसंतात मखमलीसारखे हिरवे दिसते आणि जून सरायच्या आत वाळून कागद होते. ते बी धरायच्या आत कापले तर ठीक. नाही तर सगळा उतार काडेपेटीसारखा उभा राहतो. हे मला निल्सनेच शिकवले होते.

तरी मी फोन घेऊन बसले. चर्चच्या यादीतले एकेक नाव काढून साठ-पासष्ट घरांना फोन केले. सफरचंद भरलेल्या ॲपल पाय भाजल्या आणि घरोघर नेऊन दिल्या. "आपल्या पैशांनी तो माणूस आपल्याच फाटकात कुदळ घेऊन येतो," असे सांगत होते. लोकांना पटत होते. ॲपल पाय चांगली असली की बरेच काही पटते.

निल्स स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. म्हणाला, "आई, त्यातून माझा पगार निघतो."

"तुझा पगार कुठूनही निघेल. त्या माणसाची खुर्ची निघायला हवी."

"वेंडेल वाईट नाहीये गं. नुसता बोलायला येत नाही त्याला."

"तू गप्प बस. तुझ्या आजीची फुलं होती ती."

तणपट्टी चौदा मतांनी पडली. मार्चमध्ये पार्कच्या दोन्ही माणसांना काढले; वेंडेलला अर्ध्या दिवसाच्या पगारावर ठेवले. निल्स घरी आला तो हसतच. "आई, तुझ्या ॲपल पायनं माझी नोकरी खाल्ली! आता निदान एक तुकडा मला तरी वाढ." मी वाढला. त्याने दोन खाल्ले. त्याला राग धरता येत नसे. ते त्याने ओरिनकडून घेतले होते, माझ्याकडून नव्हे.

मग तो लाकडाच्या वखारीत लागला आणि गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक झाला. उतारावर गवत वाढत राहिले. वेंडेल अर्ध्या दिवसात रस्त्याच्या कडा कापी. वरपर्यंत पोचत नसे.

१९९५ च्या जुलैतल्या एका शनिवारी दुपारी एका गाडीच्या मागे लोंबणारी साखळी डांबरावर घासली आणि ठिणगी उडाली. इतकेच. पार्क सहलीच्या लोकांनी भरलेले होते. निल्सला तो उतार तळहातासारखा माहीत, म्हणून पाण्याचा ट्रक घेऊन त्यालाच वर पाठवले. लोक बाहेर पडेपर्यंत त्याने आग अडवून धरली. त्याचे शेवटचे बोलणे वायरलेसवर नोंदलेले आहे: "पार्क रिकामं झालं. एक लाल गाडी राहिलीये झाडाखाली. बघून येतो."

वारा फिरला. लाल गाडीत कोणी नव्हते. ती मंडळी केव्हाच नदीच्या पलीकडे पोहत गेली होती.

वेंडेल काइझर त्या दिवशी सुट्टीवर होते. धूर पाहून फावडे घेऊन धावले. निल्सला त्यांनीच बाहेर ओढले. तोवर उशीर झाला होता. दफनाच्या दिवशी ते दोन्ही हातांना बँडेज बांधून मागच्या बाकावर बसले होते. सगळे गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बोला," मी म्हणाले. "काय म्हणायचंय ते म्हणून टाका. मी ऐकून घेणार आहे."

त्यांनी नजर माझ्या बुटांकडे वळवली. मग म्हणाले, "संध्याकाळी मला वेळ असायचा, अल्मा. पगार नसला म्हणून काय झालं? मी आपणहून जाऊन कापायला हवं होतं."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपले असते.

ओरिनने एकदाच विचारले. कोठीत लाकडे फोडत होता. कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाला, "किती मतांनी पडलं होतं गं ते?"

"चौदा."

त्याने मान हलवली आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली. त्यानंतर नऊ वर्षे जगला, माझ्याशी प्रेमाने वागला, पण तो विषय पुन्हा काढला नाही. मी रोज वाट पाहत होते.

१९९६ मध्ये तणपट्टी पुन्हा मतदानाला आली. मी किराणा दुकानाच्या दारात बर्फात अकरा दिवस उभी राहिले. भाषण केले नाही. येईल त्याला एवढेच सांगितले, "गेल्या वेळी तुम्हांला फोन मी केला होता. मी चुकले." काही जणांनी माझा हात धरला. एका बाईने आपल्या मुलाला माझ्यापासून दूर ओढले. तिचेही मला पटले. पट्टी मंजूर झाली. नंतर काउंटीच्या तणमंडळावर मी एकोणीस वर्षे काम केले. लोक म्हणतात, अल्माने भरपाई केली. भरपाई कशाची? दर मे महिन्यात तो उतार कापला जातो आणि दर मे महिन्यात मला वाटते, एवढेच तर काम होते. एका माणसाचे चार दिवसांचे.

कलम ५. जमीन देण्यास एकच अट आहे. मे संपण्याआधी तिच्यावरचे गवत मेंढ्यांकडून चारून घ्यावे किंवा कापावे, आणि हे काम कोणाच्या फावल्या वेळावर सोडू नये. त्यासाठी पगारी माणूस ठेवावा. लागोपाठ दोन वर्षे हे झाले नाही तर जमीन मार्नीकडे परत जावी. जमिनीला निल्सचे नाव देऊ नये. त्याला पाटी झालेले आवडले नसते.

कलम ६. हे कलम मार्नीसाठी आहे.

ऑगस्टमध्ये तू बोइझीहून आलीस तेव्हा मी तुला हे सर्व वाचून दाखवले. कोणी त्या जमिनीवर बंगले बांधायला किती द्यायला तयार आहे ते तू मला सांगितलेस. मी नाही म्हटल्यावर म्हणालीस, "वा! मेलेल्याला जमीन आणि जिवंत असलेल्याला पंपाची घोंगडी!"

मी तुला म्हटले, पैशासाठी भांडतेस. ते खोटे होते आणि ते मला बोलतानाच कळले होते. तू दारात थांबून म्हणालीस, "आई, तो गेला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. माझाही भाऊ गेला होता. त्या दिवसापासून तू एकदा तरी मला विचारलंस का, की तू कशी आहेस?"

मी विचारले नव्हते. चोवीस वर्षे मी त्या उताराकडे पाहत बसले, आणि तू माझ्या पाठीमागे उभी राहून वाट पाहत होतीस. तुझा घटस्फोट झाला तेव्हा तू तीन दिवस इथे होतीस आणि मी तुला तणमंडळाच्या बैठकीला घेऊन गेले. जमिनीचे कलम मी बदलणार नाही. पण तुझे म्हणणे खरे आहे, हे इथे सहीनिशी लिहून ठेवते. साक्षीदारांसमोर सही केलेले नंतर नाकारता येत नाही म्हणून इथे लिहिले. तोंडाने सांगायचा प्रयत्न मी रविवारी फोनवर करीन. जमला नाही, तर हे आहे.

कलम ७. बँकेतली सर्व शिल्लक मार्नीची. काउंटीला त्यातले काही देऊ नये. काउंटीला तणपट्टी मिळते.

कलम ८. पाठीवरचा फवारा, लांब दांड्याचा तणकाटा आणि चामडी हातमोज्यांचे चार जोड आताच्या तण-अधिकारी डेलिया मॅकनॅब यांना द्यावेत. डेलिया, लोकांच्या फाटकात खणायचे असेल तेव्हा ते घरी असताना जात जा. शिव्या खाव्या लागतील, खा. आणि शक्य असेल तिथे एक हंगाम थांब.

कलम ९. दफनाविषयी. स्टिलमनच्या दफनभूमीत आमच्या कुटुंबाच्या तीन जागा होत्या. एकीत निल्स आहे, त्याच्या डावीकडे ओरिन. उजवीकडची माझी होती. ती मी तीन वर्षांपूर्वी देऊन टाकली आहे. मार्नी, हे तुला माहीत नाही. तू कधी तिथे गेलीस तर दगडावरचे नाव वाचून चकित होशील, म्हणून सांगते.

वेंडेल काइझर २०१६ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांना कोणी नव्हते. काउंटी त्यांना कुंपणाकडच्या मोफतच्या ओळीत पुरणार होती. शेवटच्या आठवड्यात मी इस्पितळात जाऊन बसत असे. त्यांना माणसे ओळखू येत नव्हती. मला ते नर्स समजत. एका दुपारी त्यांनी माझे मनगट धरले. त्या भाजलेल्या बोटांची पकड अजून घट्ट होती. म्हणाले, "पोराला सांगा, गाडी रिकामी आहे. मी पाहिलीये. म्हणावं, खाली ये."

मी म्हणाले, "सांगते."

म्हणाले, "लगेच सांगा."

मी व्हरांड्यात गेले, थोडा वेळ उभी राहिले आणि परत येऊन म्हणाले, "सांगितलं. येतोय तो." तेव्हा त्यांनी हात सोडला.

त्यांना निल्सच्या शेजारी ठेवले आहे. मला मोफतच्या ओळीत जागा मिळेल. मी चौकशी केली आहे. तिथून ओरिनचा दगड दिसत नाही, पण त्याची तक्रार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मार्नी रुडविक हिने करावी. तिला नको असेल तर तिने तसे म्हणावे. मी काही गैर समजणार नाही.

सही: अल्मा रुडविक

साक्षीदार:
१. हॉलिस ट्वीट, सेवानिवृत्त पोस्टमन, स्टिलमन
२. बर्निस ओल्डहॅम, ग्रंथपाल, स्टिलमन

वरील मजकूर अल्माबाईंनी आम्हां दोघांना मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. कलम नऊ वाचताना त्या थांबल्या. आम्ही म्हटले, पुढचे आम्ही मनात वाचतो. त्या नको म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचले.

स्थळ: स्टिलमन, लार्च काउंटी, मोंटाना
दिनांक: १७ ऑक्टोबर २०१९