तीन पिंपांत मुरलेली बाटली आणि भवानीनगरचे घर

मी, ज्ञानेश गेणबा सपकळ, वय ६८, राहणार भवानीनगर, ता. इंदापूर, जि. पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्यामागे पत्नी प्रयागबाई हिने त्यात तहहयात राहावे. तिच्यानंतर घर सून राजलक्ष्मी हिच्या मालकीचे. तिने दुसरे लग्न केले तरी यात बदल नाही.

बारामतीचे वकील म्हणाले, कारण लिहा. लिहितो. आमचा एकुलता एक मुलगा ऋषिराज स्कॉटलंडात व्हिस्कीच्या कारखान्यात होता. गेल्या दिवाळीत येताना त्याने तिथली बाटली आणली. दुपारी ओसरीवर सगळ्यांना घोट घोट दिला. "आबा, लगेच गिळू नका. आधी धूर लागंल, मग थांबा." धूर लागला. मग मनुका, शेवटी काकवी. जव तिकडच्या दलदलीतल्या मातीच्या धुरावर सुकवतात आणि दारू तीन वेगवेगळ्या लाकडी पिंपांत मुरवतात, असे त्याने सांगितले. प्रयागबाईने नुसता वास घेतला. "ह्याला तर चुलीचा वास हाय," म्हणाली. राजलक्ष्मी खूप हसली. तिकडे जायला तिचा व्हिसा यायचा होता.

जानेवारीत कामावर जाताना बर्फावरून त्याची गाडी घसरली. तो गेला.

२. धाकटा बंधू दादासाहेब यास काही नाही. दहाव्याला घाटावर तो म्हणाला, "दारूच्या धंद्यानं पोरगं खाल्लं. आता घर तरी भावकीत ठेवा." त्यावर माझे हे उत्तर समजावे. त्याचे येणे-जाणे, चहापाणी पूर्वीसारखे राहील.

३. उरलेली बाटली राजलक्ष्मीची. प्यावी, ओतावी, तिची मर्जी. ऋषिराजच्या फोटोपुढे ठेवू नये. मी उन्हाळ्यात एकदा घोट घेऊन पाहिला. धूर नाही, मनुका नाही. तोंड ओले झाले, एवढेच.

४. राजलक्ष्मीचे लग्न ठरल्यास मांडव याच दारात पडावा. आम्हा दोघांपैकी जो असेल त्याने तिची पाठवणी करावी.

हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "आबा, मला आत्ता काहीच कळंना."

मी म्हणालो, "आमाला तरी कुठं कळतंय, पोरी. सही करून ठेवतो."

सही: ज्ञानेश गेणबा सपकळ

आमच्यासमक्ष सही केली:
१. सोनबा थोरात, शेजारी
२. भागूबाई थोरात, शेजारी

इंदापूर, १४ जुलै २०२५