बाबांचा आकडा

४ मार्च

चि. बारक्यास,

ताईचे आशीर्वाद. पत्र बघून चकित होशील. फोनवर तू "आकडा दिसतोय ना, मग झालं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

आई बरी आहे. गुडघे थकलेत, जीभ नाही. तू बसवलेलं ताप मोजायचं यंत्र दोघांच्या पलंगांमध्ये भिंतीवर तसंच आहे. शेजारच्या काकू येईल त्याला दाखवतात, "पोरगा तिकडे लांब बसून आईबापाचा ताप बघतो!"

बाबांना ताप भरला त्या दुपारी मी फोन केला होता. "अंग भाजतंय रे," म्हटलं. तू म्हणालास, "हाताला काय कळतं, ताई? छत्तीस पॉइंट आठ आहे, नॉर्मल. उगाच घर डोक्यावर घेऊ नकोस." डॉक्टरांनाही तूच "ताप नाही" म्हणून कळवलंस. ते आले नाहीत.

संध्याकाळी बाबा बरळायला लागले, तेव्हा तुला न विचारता दवाखान्यात नेलं. चादर घ्यायला घरी आले, तर त्यांची वायर पलंगाखाली लोंबत होती आणि भिंतीवर बाबा छत्तीस पॉइंट आठ.

यंत्र जोडताना मी वायरी धरून उभी होते, तेव्हा तूच समजावलं होतंस. चिप एकच, आधी आईच्या वायरीतलं व्होल्टेज मोजते, मग बाबांच्या. बाबांची वायर सुटली, तर आत उरलेलं आईचंच व्होल्टेज बाबांचं म्हणून दाखवते. "म्हणून तिथे एक रेझिस्टर ग्राउंडला लावायचा, मग वायर सुटली की उरलेलं निघून जातं, आकडा शून्यावर येतो. आमच्या कंपनीत हे विसरेल त्याला मी घरी पाठवतो."

"मग इथे लाव की," मी म्हटलं.

"जाऊ दे गं, घरचंच तर आहे."

बाबा दवाखान्यातून परत आले नाहीत. सांगायला फोन केला, तर "मीटिंगमध्ये आहे, दिसतायत मला बाबा" म्हणालास. मग मीही दिसू दिले.

परवा तुझा मेसेज आला, "बाबा ठणठणीत! आईच्या बरोबरीने चाललेत." आईने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. म्हणाली, "सांगू नकोस. बघत बसू दे."

मी बसूही दिलं असतं. पण आता तिला अंगावर तुझी वायर नको झालीय. हे पत्र तुला मिळालं की काढणार आहे. दोन्ही आकडे भरकटतील आणि तू घाबरून निघशील.

निघू नकोस. आईला ताप नाही. माझ्या हाताला कळतं.

ताई