खांद्यावरचा चट्टा

ता. १८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. नऊ वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. दुकान चालू आहे. तुझ्या शिलाई मशीनवर कुणाला बसवलं नाही, तेल मात्र दर महिन्याला घालते.

बातमी अशी, की माझ्या खांद्यावर चट्टा आला होता. तांबूस, खवल्यांचा, तळहाताएवढा. दोन वर्षं मलमं चोळली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. त्वचेचा लिम्फोमा निघाला. कॅन्सरच, पण सुस्त जातीचा. किरणांचे अगदी हलके दोनच डोस पुरतील म्हणाल्या. आज पहिला झाला, उद्या दुसरा.

किरणं देणाऱ्या मुलीने चट्ट्याभोवती पेनाने रेघ मारली, कडेने दोन बोटं जास्त सोडून. म्हटलं, "शिवणात आम्हीही अशीच माया सोडतो." ती हसली आणि उघड्या हाताने माझा खांदा सरळ केला. मी दचकले. "अगं, हात लावू नकोस, तुलाही होईल!"

"हे लागत नाही, मावशी. कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणी सांगणार? मीच सांगत होते सगळ्यांना. किरणांचं मशीन दोनेक मिनिटं गुणगुणलं. दुखलं काहीच नाही, तरी मी रडले.

तुझ्या हातावरही असेच चट्टे होते. मी तुझी कात्री वेगळी केली, टेप वेगळी केली, भर उन्हाळ्यात तुला लांब बाह्या घालायला लावल्या. तेवढ्यानेही माझं समाधान होईना. मग एक दिवस मी तुला म्हणाले, आपल्या जुन्या गिऱ्हाईक मास्तरीणबाई सांगून गेल्या, तुमच्या बहिणीचा हात माझ्या कपड्यांना लागता कामा नये.

त्या तसं म्हणाल्या नव्हत्या गं. कुठलंच गिऱ्हाईक कधी काही म्हणालं नाही. भीती माझी होती, नाव त्यांचं घेतलं. तू त्यांची माफी मागायला निघालीस तेव्हा मी दारात आडवी आले, ते माझं बिंग फुटेल म्हणून. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. "माझ्यामुळे तुझं दुकान नको बसायला," एवढं बोलून पिशवी उचललीस. मास्तरीणबाई अजून विचारतात, "धाकटी कुठे असते? तिच्यासारखी काजं कुणाला जमत नाहीत."

तुझे चट्टे कसले होते, देव जाणे. साधा इसबही असेल. पण कुणाला दाखवलेस का? की माझं ऐकून अजून हात झाकूनच बसली आहेस? मला माझ्या चट्ट्याची भीती उरली नाही, तुझ्या वाया गेलेल्या नऊ वर्षांची वाटते.

रविवारी मी येते. माफ कर म्हणायला तोंड नाही. शिव्या दे, दाराबाहेर उभी कर. पण सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे तुझ्या नावाने वेळ घेतली आहे, तेवढी चुकवू नकोस.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी ताई