दोन घासांचा वास

माय, आज घरात तुझ्या मागच्या खोलीचा वास आला. इतक्या वर्षांनी, गोंडपिपरीच्या माझ्या स्वयंपाकघरात, सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आत. मला वाटलं फ्रीजमागे उंदीर मेला. पदर खोचून फ्रीज ओढला, खराट्यानं कोपरे झाडले, गॅसची टाकीसुद्धा हलवली. उंदीर नाही, पाल नाही, काही नाही. मग फ्रीजचं दार उघडून एकेक भांडं हुंगायला लागले आणि मध्येच थांबले. मेल्या उंदराचा वास नुसता सडका असतो. हा गोडही होता. असा वास मला आयुष्यात एकाच ठिकाणी आला होता आणि तिथे मी ओढणीनं नाक बांधून घेतलं होतं. मी तशीच फरशीवर बसले गं.

दह्याच्या भांड्यामागे तीन पिशव्यांत गुंडाळलेला एक डबा निघाला. तुझ्या जावयाचं काम. तू त्यांना पाहिलं नाहीस. त्यांचं इथे कृषी केंद्र आहे, आणि बियाण्याच्या कंपनीनं यंदा दुकानदारांना बँकॉक फिरवून आणलं. तिथून लोक अत्तरं आणतात, चपला आणतात. यांनी फळ आणलं. डुरियन म्हणतात त्याला, बाहेरून फणसासारखं काटेरी, आतले गरे बर्फात गोठवून डब्यात बंद केलेले. तिकडे म्हणे हॉटेलात आत नेऊ देत नाहीत, एवढा वास. हे मात्र मोठ्या कौतुकानं सांगत होते, आणि मी ओरडले. घरात हे असलं काऊन आणलं, आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर टाका, असं काहीबाही. ते बिचारे गोंधळले. फळावर कुणी एवढं चिडतं का? मी कशावर चिडले ते त्यांना कुठून कळणार?

शाळेत शिकवते म्हणून लिहिताना हात असाच वळतो, माय. तुझ्या बोलीत लिहायला गेले की दोन ओळींत रडू येतं, मग पुढे लिहिणं होत नाही.

वास्ते आठवतात तुला? पावसाळ्यात रानातून बांबूचे कोवळे कोंब आणायचीस, चिरून मडक्यात आंबवायला ठेवायचीस, आणि आठ दिवसांनी झाकण काढलं की अख्ख्या घरात तो आंबूस भपका. मी तेव्हा वसतिगृहातून सुट्टीवर आले होते. तिथल्या मुली माझ्या डब्याला हसल्या होत्या, ते डोक्यात होतं. तू ताटात भाजी वाढलीस आणि मी नाक धरलं. तू मारलं नाहीस. चुलीजवळ बसल्या बसल्या एवढंच म्हणालीस, "अन्नाले नाक नाई मुरडत, बाई. वास दोन घासाचा राह्यते, मंग चवच उरते." मी दोन घास रागारागानं खाल्ले. तिसऱ्या घासाला खरंच वास नव्हता. पण ते मी तुला सांगितलं नाही, बापाच्या वळणावर गेले होते ना, हट्टी.

आणि खर्रा. तो तर मीच घोटून द्यायची. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालायचा आणि पाटावर तळहातानं घोटत राहायचं, सुपारी मऊ पडेपर्यंत. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून तुझी कंबर जायची. गालात खर्रा असला की दुपार निघते म्हणायचीस. बांधावरच्या सगळ्या बायका तेच म्हणायच्या. माझ्या हातचा खर्रा बारीक होतो म्हणून तू त्यांना माझ्यासमोर सांगायचीस, आणि मी फुगायची. त्या वासाला मी कधी नाक मुरडलं नाही बघ. माझ्या हातांना कायम तो वास असायचा आणि मला तो तुझाच वास वाटायचा.

मग तुझं तोंड उघडेना. आधी तीन बोटं जात होती, मग दोन, मग भाकर चुरून दुधात भिजवून खायला लागलीस. तिखट बंद झालं. गालाच्या आतली जखम बाहेर आली तेव्हा बाबांनी तुला गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तुम्ही दोघं परत आलात. बाबांनी मागच्या खोलीत तुझी खाट टाकली. तुझ्या तोंडात फक्त औषधाचा तो छोटा चमचा जायचा. बाबा एका वाटीला तासभर लावायचे. पेजेचा चमचा, मग गालावरचं पुसणं, मग पुन्हा चमचा. मी तेव्हा गडचिरोलीत शिकत होते. बाबा निरोप धाडायचे आणि मी परीक्षा आहे म्हणून कळवायची. सगळ्या परीक्षा खोट्या नव्हत्या. बऱ्याच होत्या.

त्या दिवशी मी घरी आहे. बाबांना तुझं औषध आणायला गडचिरोलीला जायचंय, सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळच्या एसटीनं यायचंय. जाताना ते मला सांगतात, दुपारी मायले पेज दे, घाई करू नको, ठसका लागते. मी हो म्हणते. पेज शिजवते, निववते, ओढणी नाकाला बांधते, उदबत्ती लावते, आणि वाटी-चमचा घेऊन दारापर्यंत येते. आतून तो वास येतो आणि माझे पाय उंबऱ्याच्या आत जात नाहीत. तू भिंतीकडे तोंड करून निजलेली आहेस. माझी चाहूल लागते तशी तू आधी पदर ओढून गाल झाकतेस. मग वळतेस. माझ्या नाकावरची ओढणी बघतेस. तुला बोलताना किती त्रास व्हायचा, आणि तरी बोललीस.

"तिथीच ठेव, बाई. घेईन मी."

तुला उठता येत नव्हतं. खाटेवरून दारापर्यंत तुझा हात पोचणार नव्हता. हे मला माहीत होतं आणि तुलाही माहीत होतं, आणि तरी मी वाटी-चमचा उंबऱ्याशी ठेवला आणि विहिरीवर जाऊन बसले. धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, माय. त्याची लाज मला नंतर वाटली, तेव्हा नाही.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा पेजेवर साय धरली होती आणि वाटीला मुंग्या लागल्या होत्या. ते माझ्याकडे बघत होते. मी काही बोलायच्या आत तू आतून म्हणालीस, "म्याच नाई म्हटलं. भूक नोती." बाबांनी वाटी उचलली, मुंग्या झटकल्या, नवी पेज शिजवली आणि तुझ्याजवळ जाऊन बसले. मी ताट वाढलं आणि मला चांगली भूक लागली होती, तेही सांगते. त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस. तेरवीला साऱ्या गावासमोर बाबा म्हणाले की पोरीनं मायचं सगळं केलं. बायांनी माझ्या गालावरून हात फिरवले. बाबा पुढे मरेपर्यंत हेच सांगत राहिले. मलाही ते हळूहळू खरं वाटायला लागलं होतं.

तर आज तो डबा उकिरड्यावर गेला नाही. तुझी नात आडवी आली. चौदा वर्षांची आहे आणि कशाची शिसारी नाही तिला, तुझ्यावर गेली आहे. डबा घेऊन अंगणात बसली, चमच्यानं गर काढला आणि तोंडात घातला. हे नाक धरून लांब उभे. तिनं तोंड वाकडं केलं, मग दुसरा घास घेतला, मग म्हणाली, "मम्मी, खाऊन तं पाह्य. दोन घास खाल्ले की वासच नाई येत."

तिला तुझं ते बोलणं मी कधी सांगितलं नव्हतं. देवाशप्पथ.

मी खाल्लं. पिवळा, लोण्यासारखा मऊ गर, जिभेवर ठेवला की आपोआप पसरणारा. फणस, साय, आणि कुठेतरी मागे कच्चा कांदा. पहिल्या घासाला ओकारी आली. तुझी खोली, ती उदबत्ती, सगळं घशाशी आलं. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी. तिसरा घास घेतला आणि वास नव्हता. नुसतं गोड होतं. मी नाक पुढे करकरून हुंगलं, माय, खरंच नव्हता. एवढंच करायचं होतं मला त्या दिवशी. उंबरा ओलांडायचा आणि दोन चमचे भरवेपर्यंत टिकायचं.

मला रडताना बघून पोरगी घाबरली. काय झालं विचारलं तर मी म्हटलं, माझ्या मायच्या दुखण्यात असाच वास यायचा. तशी ती मला बिलगली. बाबांना ती आबा म्हणायची. म्हणाली, "आबा सांगत होते. आजीचं तूच केलं नं सगळं?"

मी हो म्हटलं.

म्हणून हे लिहायला बसले. कुठे पाठवणार, आणि घरात ठेवलं तर तिच्या हाती लागेल. लागावं असं अर्धं मन म्हणतं, अर्धं म्हणतं चुलीत घाल. पण जाळायचं तरी आधी वरचं एक खोटं खोडायला हवं. वर मी दोनदा वाटी-चमचा लिहिलं आहे. चमचा नव्हता. तो स्वयंपाकघरात फळीवर होता, मला दिसत होता, आणि मी तो मुद्दाम घेतला नाही. चमचा घेतला असता तर भरवावं लागलं असतं. संध्याकाळी बाबांनी तो फळीवरून काढला, कोरडा होता, तरी धुतला, आणि माझ्याकडे न बघता तुझ्याकडे गेले.