गोगलगाय पुढच्या रांगेत

७ जानेवारी

बंद! आमचं वाचन केंद्र बंद! कारण काय, तर मुलं छान वाचतात!

संस्थेच्या सरांनी ऑफिसात बोलावलं तेव्हा वाटलं, पाठ थोपटणार. डिसेंबरच्या पाहणीत आमची वस्ती पहिली आली ना! सर पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "देणगीदारांचा नियम तुम्हाला माहीतच आहे. एकही मूल मागे उरलं नाही की केंद्र पुढच्या वस्तीत."

मागे उरलं नाही कसं? उरलंय. एक. पाहणीच्या दिवशी तिला मीच घरी थांबवलं होतं. कच्चं मूल पाहुण्यांसमोर आणायचं नाही, ही आमच्या संस्थेतली जुनीच रीत. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

८ जानेवारी

जेवण गेलं नाही.

१२ जानेवारी

ते मूल म्हणजे गोगलगाय. वस्तीतल्या शिवणकामवाल्या बाईंची मुलगी. नाव पोरांनी ठेवलं — चप्पल घालायलासुद्धा हिला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो म्हणून. अक्षरं येतात. पण पुढचा शब्द जुळवेपर्यंत मागचा विसरते.

केंद्रातली माझी जोडीदारीण बाई म्हणते, "सोड गं, पालथ्या घड्यावर पाणी!" मी सोडत नाही. वर्ग सुटला की रोज तिला घेऊन बसते. केंद्र गेल्यावर कोण बसणार? शाळेतल्या त्या गर्दीत हिच्याकडे कोण बघतंय! रडू आलं. फळा पुसायचं निमित्त करून पाठ फिरवली.

१९ जानेवारी

सासूबाई म्हणाल्या, "एवढं तोंड पाडायला काय झालं? नोकरी थोडीच जातेय तुझी?"

नाही जात. दुसऱ्या वस्तीत मी पगार घेत बसेन, नि ही इथे तशीच राहील. हे त्यांना कसं सांगायचं?

२ फेब्रुवारी

सरांचा फोन. देणगीदारांच्या नव्या मॅडम खात्री करायला पुन्हा येणार. मग आवाज खाली आणून — "एखादं मूल जरी अडखळलं, तरी मी केंद्र वर्षभर वाढवून मागू शकतो. समजून घ्या."

समजले! म्हणजे आता मुलांना न वाचायला शिकवायचं! हसावं की रडावं?

३ फेब्रुवारी

वाचणाऱ्या मुलाला 'मुद्दाम चूक' म्हणून सांगायला जीभ रेटत नाही.

पण गोगलगायीला सांगायची गरजच काय? ती अडखळणारच. तिला पुढच्या रांगेत बसवायचं, एवढंच. मागच्या वेळी लपवली, या वेळी दाखवायची. यात खोटं काही नाही — असं दिवसभर स्वतःला बजावतेय.

११ फेब्रुवारी

लिहायलाही लाज वाटते. तिला घेऊन बसणं मी बंद केलंय. आज काय, तर डोकं दुखतंय. काल काय, तर मीटिंग. न जाणो, नेमकं आत्ताच तिला यायला लागलं तर! मास्तरीण म्हणवते स्वतःला. आणि मनात धावा कशाचा, तर पोरीला येऊ नये याचा! शी!

ती नुसतं "बरं बाई" म्हणते नि दप्तर उचलते.

२० फेब्रुवारी

उद्या पाहणी. गोगलगायीला सांगितलं, उद्या पुढे बसायचं.

"पाहुणे येणारेत ना? तरी येऊ मी?"

मी मान हलवली. तिचा चेहरा असा काही फुलला, की धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं मला. केंद्र वाचेलही कदाचित. मी मात्र तिच्या तोंडाकडे पुन्हा कशी बघणार, माहीत नाही.

२१ फेब्रुवारी

वाचलं तिने!

मॅडमनी बॅगेतून काढलेला नवाच उतारा. मीही कधी न पाहिलेला. शब्दाशब्दावर बोट ठेवून, थांबत, घाम पुसत — पण एकही शब्द न गाळता, शेवटपर्यंत! तिची आई दारात उभी राहून डोळे पुसत होती. "मागच्या खेपेला घरी थांबवलंत ना बाई, तेव्हापासून मशीनशेजारी वाचत बसायची. म्हणायची, बाईंना सांगू नको, मीच दाखवीन."

केंद्र गेलं. सर भिंतीला टेकून नुसते माझ्याकडे बघत होते. आणि मी वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते.