सोनूचं खाणं भायेर सांगायचं न्हाई

गुरुवार, २ जानेवारी २०२५. मादन हिप्परगा

सकाळीच विभा मॅडमचा फोन. आत्याबाईनं उचलला अन् सांगितलं, "कुठलं खातंय माय लेकरू! दोन घास. ते बी थुकलं."

दोन घास! माझी सोनू त्याच टायमाला म्होरं बसून दुसरी भाकर मोडायली होती. शेंगाची चटणी, उकडलेलं अंडं, वर तुरीच्या शेंगा. कॅन्सरच्या गोळ्यांनी भूक अशी खवळलीय की सहा वर्षाची पोर माझ्या ताटात हात घालायली.

विभा मॅडम गुलबर्ग्याच्या दवाखान्यातल्या. गरीब घरच्या कॅन्सरच्या लेकरांच्या खाण्यावर संशोधन करायल्यात. दर गुरवारी इचारतात, काल पोरगी काय काय खाल्ली? अंगात ताकत नसली की औषध झेपत न्हाई म्हणे.

"आत्याबाई, खोटं कामून सांगायलाव?"

"लेकराचं खाणं भायेर सांगत्यात व्हय? दिष्ट लागंल!"

सासू हाय. काय बोलावं!

सोमवार, ६ जानेवारी

मॅडम बिचाऱ्या घाबरल्या. पौष्टिक पिठाची पाकिटं पाठवल्या. सोनू एक फस्त केली. आत्याबाई म्हणल्या, "हे बी सांगू नको."

गुरुवार, ९ जानेवारी

परत फोन. परत दोन घास. एक दिस तरी तीन म्हणावं!

सोमवार, १३ जानेवारी. गुलबर्गा

आज तपासणी. वजन दीड किलो वाढलं! दंडाला फीत लावली, दंड बी भरलाय. मी मनातल्या मनात उड्या मारायले — अन् डॉक्टर चन्नवीर मॅडमच्या फोनवरच्या नोंदीचा कागद बघून म्हणले, "पोटात काही जात नाही, मग वजन आलं कुठून? ही गोळ्यांची सूज आहे. आज भरती करा, उद्या नाकातून नळी घालू. नळीनंच पोसावं लागेल."

नळी! मी भडाभडा सगळं सांगितलं — भाकर, अंडं, शेंगा, पीठ. तर विभा मॅडम माझा हात धरून म्हणल्या, "अंबिका, नळीला भिऊन सांगायलीस ना? बऱ्याच आया असंच करतात."

घ्या! खरं बोलले तर मी खोटी. आत्याबाईकडं बघितलं. पदर तोंडाला लावून खिडकीभायेर बघायल्या. लई राग आला. म्हातारीला गदागदा हलवावं वाटलं.

मॅडम गेल्या अन् सोनू शेजारच्या खाटंवरच्या बाईला केळं मागायली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ ऱ्हायला गावाकडं, इथं सकाळीच ट्रेमधी नळी आली. सोनू मला घट्ट धरून रडायली. आत्याबाई एकदम उठल्या.

"थांबा! सोनू काय खात न्हाई. पण आमच्या घरी एक मांजर हाय."

डॉक्टर नळी ट्रेमधी ठेवले.

"ते मांजर सकाळी दोन भाकऱ्या खातंय. शेंगाच्या चटणीसंगं. मग अंडं. दुपारी वरणभात, वर तूप. सांजच्याला तुमचं ते पीठ."

डॉक्टर म्हणले, "मांजर भाकरी खातं?"

"आमचं खातंय. शाळंत बी जायचं, आता सुट्टी हाय."

विभा मॅडम कवाच लिहायला लागल्या होत्या. मान वर न करता इचारल्या, "मावशी, मांजर दूध किती पितं?"

"पेलाभर. साखर लागती त्याला."

नळी परत गेली! मी मोरीत जाऊन हसले बी अन् रडले बी. आत्याबाई माझ्यामागंच आल्या. मला हळूच म्हणल्या, "नाव घेतलं न्हाई मी. घेतलं का?"

"न्हाई घेतलाव," म्हणले. राग कुठं गेला काय की.

गुरुवार, २३ जानेवारी. मादन हिप्परगा

मॅडमनं फोनवर मांजराची चौकशी केली. मांजर खुशाल हाय. त्याला आता धपाटे पायजेत.

गुरुवार, ३० जानेवारी

सोनूला पहाटे ताप भरला. कालपासून एक घास न्हाई, पाणी बी टिकंना. मॅडमचा फोन आला. मी घ्यायच्या आत आत्याबाईनं घेतला अन् नळीच्या भ्यानं वरडल्या, "सोनू खाल्ली! दोन भाकऱ्या! मांजर न्हाई मॅडम, आमची सोनूच खाल्ली!"

मी फोन ओढून घेतला. खरं सांगितलं. आमी गुलबर्ग्याला निघालाव.