गावाला ओढता येईल एवढं गलबत

प्रिय क्लेवन,

आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर तिकडे इंग्लंडात, हडर्सफील्डच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये, अंगातला कोट न काढता, हे पत्र क्लेवनच्या तोंडून ऐकणाऱ्या आपल्या सगळ्या माणसांनो, तुमची एक तक्रार आहे आणि ती मला ठाऊक आहे. आपल्या कॅरियाकू बेटावरून पत्र येतं ते कोणी गेल्यावर, नाहीतर काही हवं असल्यावर. मधल्या काळात तुम्ही कसे आहात हे आम्ही तुमचं सामानाचं बॅरल आलं का, एवढ्यावरून ठरवतो. तक्रार खरी आहे. आमचीही तसलीच एक आहे. तुमच्या बॅरलात तांदूळ असतो, साबण असतो, पोरांचे शाळेचे बूट असतात, फक्त तुम्ही नसता. तेव्हा फिट्टंफाट झाली असं समजू. कोणी गेलेलं नाही. पापाही आहेत, जेवतात, कुरकुरतात. म्हणजे उरलं मागणं, हे तुम्ही ओळखलंच असेल. आहे मागणं. पण टेबल आपटून मागायची माझी सवय तुला माहीत आहे, आणि आज तसं मागवत नाही, म्हणून जरा लांबून येते.

मोठ्या बेटाची बोट आता आपल्या बाजूला थांबत नाही, हे तुला कळवलं होतं. दक्षिणेच्या धक्क्यावर जा म्हणतात, आणि तिथे गेलं तर शेळ्या चढवू देत नाहीत. गेल्या हंगामातली तुरीची पोती बोटीची वाट बघत धक्क्यावर पडून राहिली आणि त्यांना टोका लागला. तेव्हा चिंचेखाली सभा भरली. मंत्र्याला अर्ज करू, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी उठले. मी म्हणाले, अर्ज करून करून आपल्या बोटांना शाई लागली आहे, घट्टे नाहीत. ज्या किनाऱ्यावर आपल्या पणज्यांनी गलबतं बांधून आजूबाजूच्या बेटांना विकली, त्या किनाऱ्यावर आज आपण दुसऱ्याच्या बोटीला हात दाखवत उभे आहोत. टँटी फिलोमेन, साऱ्या गावाची मावशी, मागून म्हणाली, "भाषण छान आहे इस्मे, पण ते पाण्यावर तरंगतं का ते सांग." सगळे हसले. आणि त्या हसण्यातच पापा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "लाकूड आणा, मी तरंगवतो."

मग जे झालं ते तू बघायला हवं होतंस. अंधाऱ्या पंधरवड्यात डोंगरावर जाऊन पांढरा देवदार तोडला, कारण चांदण्यात तोडलेल्या लाकडाला किडा लागतो असं पापा म्हणतात, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझीही छाती नाही. कोणाकडून एक खिळा मागितला नाही. शनिवारी सगळं गाव किनाऱ्यावर. बायका चुली मांडायच्या, मक्याच्या पिठाचं कूकू रटरटायचं, आणि दुपारी जो कोणी हातोडी खाली ठेवेल त्याच्या पुढ्यात पान. तळाचा कणा पापांनी कापला, नेहमीसारखा, माप न लावता, नजरेनं. मला तो लांब वाटला. मी म्हणाले, "पापा, मोठं नाही होत?" तर म्हणाले, "हात बघून कापलंय."

तुला नियम सांगायला नको. गावाला ओढता येईल एवढंच गलबत बांधायचं. लाकूड किती आहे, खिशात काय आहे, यावर नाही. दोराला हात किती लागतील, यावर. आपण लहान असताना चर्चच्या खालच्या पुळणीवरून शेवटचं मोठं गलबत उतरलं, ते आठवतं? तू पापांच्या खांद्यावर होतास आणि मी टँटीच्या परकराला धरून. बकरा कापला, डेकवर रम शिंपडली, आणि दोर ओढताना माणसं इतकी दाटीनं उभी होती की दोर दिसतच नव्हता, नुसते कोपर दिसत होते. त्यानंतर आपण गलबतं उतरवणं सोडलं आणि पोरं उतरवू लागलो. त्यालाही बकरा कापायचो, त्यालाही झेंडे लावायचो. तू निघालास तेव्हा मीच धक्क्यावर उभी राहून बोलले होते, की जा, गिरणीत कमव, आणि ताठ मानेनं परत ये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पापांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. मी जगातल्या पुष्कळ चळवळींचे इतिहास वाचले आहेत, क्लेवन, आणि कोणी गाव लुटलं, कोणी जाळलं, हे सगळं त्यांत आहे. टाळ्या वाजवत वाजवत गाव रिकामं झाल्याचं कुठेच वाचलं नव्हतं.

ईस्टरच्या सोमवारी उतरवायचं ठरलं. पाद्री आले, पाणी शिंपडलं. नावाचा झेंडा डोलकाठीवर गुंडाळलेलाच होता, तो गलबत पाण्याला लागल्यावरच सोडायचा. एका बाजूचे टेकू कुऱ्हाडीनं एकेक करून पाडले, पहिला घाव पापांचा. गलबत हळूच कुशीवर झुकलं, जशी म्हातारी गाय बसते तसं, आणि खालच्या नारळाच्या ओंडक्यांवर टेकलं. बाहेर समुद्रात नांगर टाकलेलाच होता, त्याच्या कप्पीतून फिरून आलेला दोर आम्ही हातात घेतला. म्हातारे होते, बायका होत्या, शाळेतली पोरं होती, पाद्रीबाबांनीही झगा खोचला. गाणं उचललं. गलबत हललं, चार हात सरकलं. सगळे ओरडले. मग पुन्हा गाणं उचललं आणि ते हललं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही ओढत होतो. शेवटी टँटी फिलोमेन वाळूत बसली आणि म्हणाली, "गाण्याला आवाज कमी नाहीत रे, फक्त सगळे वरच्या पट्टीतले आहेत." तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोर दिसत होता. टोकापासून टोकापर्यंत, माणसांच्या मधून, स्वच्छ दिसत होता.

तेव्हापासून ते तिथेच कुशीवर पडलं आहे, अर्धं वाळूत, तोंड पाण्याकडे. ऊन एका बाजूला लागतं, फळ्या सुकतात, आत ठासलेला कापूस सांध्यांतून डोकावायला लागला आहे. वादळांचे महिने जवळ येत आहेत, आणि पहिल्याच मोठ्या लाटेला ते उचलून कातळावर आपटायला फार वेळ लागणार नाही. लिंटन, जो रस्त्याच्या कंत्राटदाराकडे यंत्र चालवतो, तो म्हणाला, "टँटी, मालकाचा बुलडोझर रविवारी रिकामाच असतो. एक धक्का, की गलबत पाण्यात." टँटी म्हणाली, "तुझ्या वेळी तुझी आईही एकाच धक्क्याची वाट बघत होती. दोन दिवस लागले." पापा उठून गलबताभोवती फिरले, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, पातं लागलं की सांधे उघडतील, मग पाण्यात जाईल ते, पण तळाशी. लिंटन बिचारा टोपी फिरवत उभा राहिला. गावात मात्र कुजबुज सुरू झाली, की म्हाताऱ्याची नजर गेली, माप चुकलं. मी भांडले सगळ्यांशी. पण खरं सांगते, मनातून मलाही तसंच वाटत होतं.

परवा दुपारी मी पापांचं जेवण घेऊन किनाऱ्यावर गेले. ते नेहमी गलबताच्या सावलीत बसतात, त्या दिवशी दिसेनात. पलीकडे गेले तर वाळूत पडलेला दोर हातात धरून ते एकेक पाऊल पुढे सरकत होते, आणि प्रत्येक पकडीला थांबून एकेक नाव घेत होते. इथे डोरसन. त्याच्यामागे त्याचा भाऊ, तो उंच आहे, त्याला मागेच ठेवायचा. इथे एनोसचे तिघे. मग क्लेवन, डावखुरा, म्हणून बाहेरच्या बाजूला. मी म्हणाले, "पापा, ती माणसं इथे नाहीत." त्यांनी दोर सोडला नाही. म्हणाले, "ठाऊक आहे मला. म्हातारा झालोय, खुळा नाही झालो. कणा कापताना हात मोजायला बसलो, तेव्हा तुम्हा सगळ्यांना धरलं. त्यांना वगळून मोजायचं कसं, ते मला कधी जमलंच नाही." माप चुकलेलं नाही, क्लेवन. ते तुमच्यासकट आहे. म्हणून हे पत्र, आणि हेच मागणं. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तुमच्याकडे सगळं बंद असतं, हे मला माहीत आहे. त्या सोमवारी आम्ही पुन्हा दोर उचलणार आहोत. या वर्षी बॅरल पाठवू नका. तांदूळ नको, बूट नकोत, गलबतासाठी वर्गणी तर मुळीच नको. डोरसननं यावं, त्याच्या भावानं यावं, एनोसच्या तिघांनी यावं. आणि दोराच्या बाहेरच्या बाजूची जागा मी कोणाला धरू देणार नाही. ये, आणि दोराला हात लाव.

तुझीच बहीण, टाळ्यांच्या मधोमध धक्क्यावर उभी राहिलेली,
इस्मे